माझ्या वाट्याचा नकाशा

मासा पाण्यातून गेला की मागे काही उरत नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. माझ्या लेकीनं आम्हाला सगळ्यांना खोटं पाडलं.

माझं नाव द्रौपदी तांडेल. काळथर बंदरातली रापण माझी. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईच्यानं रापण चालायची नाही. त्यातले निम्मे आज माझ्याच दोराला लागतात, म्हणून नावं घेत नाही. शाळा दुसरीपर्यंत, तीही बाहेरून जास्त पाहिलेली.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धगोल वेढा घालत जाळं सोडते आणि परत किनाऱ्याला लागते. जाळ्याचे दोन दोर वाळूवर दोन रांगांच्या हातात. मग ओढायचं. खांदे निखळेपर्यंत ओढायचं. आणि आमचा कायदा एकच: दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. गावातला असो, परगावचा असो, गंमत म्हणून धरलेला असो. माझ्या सासूनं एकदा चौकशीला आलेल्या हवालदाराच्या हातात पेडव्यांची पिशवी दिली होती, कारण बोलता बोलता त्यानं दोर धरला. हवालदार लाजला. सासू म्हणाली, "लाज चौकशीची धर, माशांची कसली?"

केतकी माझी धाकटी. मुंबईला शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून आमच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात येऊन बसली. स्टार्टअप काढलं म्हणाली. मी म्हटलं, सुरू झालं हे कळलं, चालणार कधी ते सांग.

चाललं, हे कबूल करते. समुद्र तापला होता. बांगडा जुनी ठिकाणं सोडून भलतीकडेच जायला लागला होता. पाण्याचा रंग बघून, पक्षी बघून मासा सांगणारे आमचे म्हातारे दिवसचे दिवस चुकत होते आणि चुकलं की एकमेकांवर चिडत होते. अशा वेळी केतकीनं एक पेटी आणली.

चुलीवर भात चढवून तिनं मला समजावलं. "आये, मासो पाण्यातून गेलो तरी तेची खूण रवता."

"म्हणजे काय, मुतता?"

"मुतता, खवलां सांडता, अंगावरचो बुळबुळीत पदार्थ सोडता."

प्रत्येक जिवाच्या अंगात बारीक कण असतात आणि त्या कणात एक लांबलचक धागा, डीएनए म्हणतात त्याला. त्या धाग्यावर तो जीव कोण, हे लिहिलेलं असतं. मासा पुढे निघून जातो, धागे पाण्यात सुटतात. ऊन आणि मीठ त्यांचे तुकडे करत राहतात. धागा लांब असेल तर मासा आत्ताच गेला, चिंध्या झाल्या असतील तर जुनी गोष्ट. म्हणजे बाटलीभर पाण्यात कोण गेलं आणि केव्हा गेलं, दोन्ही आहे. वेगवेगळ्या होड्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी आणलं, त्यात भरती-ओहोटी आणि वारा मिळवला, की मासा कुठून आला आणि कुठं निघालाय ते चित्रच निघतं. पूर्वी ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची आणि उत्तर येईपर्यंत मासा गोव्याला पोचायचा. केतकीची पेटी भात शिजेपर्यंत सांगायची. पेटी पाणी चाखते म्हणून गावानं तिला नाव ठेवलं, जीभ.

मोबाइलवर निळा समुद्र, त्यात पिवळे डाग. पिवळं गडद तिथं मासा दाट. मलासुद्धा वाचता येईल असं.

पहिल्या मोठ्या ओढीनंतर मी केतकीला म्हटलं, "नकशो सगळ्यांका दी."

"आये, मासे वाट. नकशो वाटूचो नाय."

"कित्याक? पाणी कोणी आणल्यानी? बाटलेक हात लागलो तो दोराक हात लागल्यासारखोच."

"मासो वाटलंस तर तो एकदाच खातत. नकशो एकाकडे गेलो काय धा जणांकडे जाता, आणि आपणाकडे होतो तसोच दिसता. चोरी झाली ती कळणा पण नाय."

मी म्हटलं, काळथरात चोरी होत नाही. तिनं खूप डोकं आपटलं. ही पेटी उद्या कोणीही बनवील म्हणाली. दुसरी बंदरं आपल्याला पाणी देतील ते आपलं तोंड बंद राहील या भरवशावर, आपण तेवढंच विकणार. मी म्हटलं, तोंड बंद ठेवून काळथरात कोणाचं पोट भरलंय? शेवटी मी तिच्या कारखान्यासमोर रापणीचा दोर आणून टाकला आणि सांगितलं, नकाशाला वाटा नसेल तर उद्यापासून बाटलीही नाही. नाक मुरडत तिनं ऐकलं. दोराला लागणाऱ्या सगळ्यांना नकाशा मिळाला, ज्याच्या त्याच्या अंगठ्यानं उघडणारा. परगावच्यांना मात्र नाही, यावर ती हटून बसली. ते मी त्या वेळी सोडून दिलं.

त्याच सुमारास ईशान आला. पुण्याचा, तिशीचा, संगणकाच्या नोकरीला कंटाळून समुद्राकाठी महिनाभर राहायला आलेला. पहिल्याच दिवशी दोर धरला. तळहाताला फोड आले तरी दुसऱ्या दिवशी हजर. आमची पोरं मोबाइलात बघत चालतात, हा मला "मावशी, आधी तुम्ही" म्हणून वाट द्यायचा. माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि वर पुन्हा मागितलं. माणूस दुसऱ्यांदा तिखलं मागतो तेव्हा मी त्याच्याविषयी वाईट विचार करू शकत नाही. हा माझा दोष समजा.

एक दिवस वाटे घालताना तो म्हणाला, "मावशी, दोर मीही ओढतो. नकाशाचा वाटा मलाच नाही?"

हसत म्हणाला. पण मला लागलं. माझ्या वाळूवर कोणी वाट्याविना राहिला, हे ऐकून घ्यायची मला सवय नाही. केतकीला विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. आपल्या टोपलीतलं द्यायला परवानगी कशाला? त्याचा मोबाइल माझ्या मोबाइलाला जोडला, त्यानं दाखवलं तिथं अंगठा टेकवला. माझ्या वाट्यातला वाटा. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मग कासवखडपाची गोष्ट झाली.

बंदराच्या दक्षिणेला पाण्याखाली तो खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, आहे. त्यामागच्या खळग्यात बांगडा गाबोळी, म्हणजे अंडी, सोडायला जमतो, हे जिभेनं पहिल्यांदा दाखवलं. नकाशावर तिथं हळदीचा लगदा ठेवावा तसं पिवळं. आम्ही वाळूवर बसून ठरवलं, तिकडे जाळं न्यायचं नाही. पोटुश्या मासळीला हात लावणारी आमची जात नाही, आणि पुढल्या वर्षी ओढायला काही उरायलाही हवं.

चौथ्या सकाळी नकाशावर तिथं निळं होतं. नुसतं निळं. आमची होडी जाऊन आली. पाण्यावर खवलं तरंगत होती आणि तेलाचा तवंग. वरच्या किनाऱ्यावरच्या एका बड्या मालकाच्या बिनखलाशाच्या बोटी येऊन सगळं उपसून गेल्या होत्या. त्या बोटींना माणूस लागत नाही, झोप लागत नाही, फक्त जागा सांगावी लागते.

जागा कोणीतरी सांगितली होती.

त्या दिवसापासून बंदराला किडा लागला. बायका मासे निवडताना एकमेकींच्या हातांकडे न बघता तोंडाकडे बघायला लागल्या. पोरं मोबाइल पालथे ठेवायला लागली. मी पडवीतून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून पडवीत, पाय एका जागी ठरेना. वर केतकीचा घोर वेगळाच. देवगडापासून खाली निरनिराळ्या बंदरांचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, जत्रेनंतर तिच्याकडे यायचे होते, आपापल्या पाण्याच्या बाटल्या तिच्या जिभेला द्यायच्या का ते ठरवायला. "एका बंदराचा गुपित फुटला समाजला तर दुसरा बंदर माका पाणी देयत काय?" ती म्हणाली. "कारखाना बंद, आये. ह्या खेपेक कायमचो."

मला चोर हवा होता आणि मी तो शोधला. सत्यवती. माझ्या लग्नापासूनची माझी सोबतीण, दोरावर माझ्या पाठीमागे तीच. तिचा मुलगा दिगंबर त्या बड्या मालकाच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आणखी काय पुरावा पाहिजे? भर ओढीत, दोन्ही रांगा ऐकत असताना मी म्हटलं, "काही लोकांका हंयचो वाटो पुरणा नाय. झिलाक पगार, आवशीक वाटो, दोनय हातांनी."

सत्यवतीनं दोर सोडला. एवढ्या वर्षांत ओढ अर्ध्यावर असताना कोणी दोर सोडलेला मी पाहिला नव्हता. वजन एकदम माझ्या खांद्यावर आलं.

केतकीला कळल्यावर ती फणफणली. "तुका कोणी सांगलानी?"

"सांगूक कित्याक व्हया? डोळे आसत माका."

"डोळे बंद कर थोडे दिवस," ती म्हणाली आणि कारखान्यात जाऊन बसली.

देवीच्या जत्रेला आमच्याकडे समुद्रात कोणी जाळं टाकत नाही. होड्या वाळूवर, आणि अख्खं बंदर डोंगरावरच्या देवळात. परक्या बोटींना याहून मोकळा दिवस नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या सकाळी मी नकाशा उघडला तर शिडाच्या खडपाजवळ पिवळंजर्द. मी जरा चमकले, कारण तिकडे मासा क्वचित जातो. पण जीभ म्हणतेय म्हणजे असेल. लुगडं नेसून देवळात गेले.

देवळाच्या पायऱ्यांवरून सगळा समुद्र दिसतो. ओट्या भरून बायका बाहेर येत होत्या, खाज्याच्या दुकानांवर गर्दी होती, आणि कोणीतरी बोट दाखवलं. त्या बोटी आल्या होत्या. एकामागे एक, सरळ रेषेत, शिडाच्या खडपाकडे.

माझं डोकं फिरलं. पायऱ्यांवर उभी राहून मी ओरडले, "बघा, बघा सत्यवतीची देवी कशी पावता ती. दोर सोडल्यान, पण चुगली नाय सोडूक."

सत्यवती खाली नारळ घेऊन उभी होती. तिनं वर पाहिलं. मला वाटतं अख्ख्या जत्रेनं वर पाहिलं.

केतकीनं माझं मनगट धरलं आणि मला दीपमाळेच्या आड नेलं. "आये, शिडाच्या खडपाजवळ मासो नाय."

"माझ्या नकशावर आसा."

"तुझ्याच नकशावर आसा," ती म्हणाली. "फक्त तुझ्या."

मला कळेना. तिनं सांगितलं, खाली बघत. आज जाळी बंद, म्हणजे नकाशा चुकला तरी आपलं कोणाचं नुकसान नाही. म्हणून तिनं आज प्रत्येकाच्या मोबाइलात एक खोटा डाग ठेवला होता, प्रत्येकाला वेगळ्या जागी. सत्यवतीला उत्तरेला, आमच्या होडीच्या तांडेलाला मध्ये, खुद्द स्वतःलाही एक. बोटी ज्या जागी जातील, त्या जागेच्या मोबाइलातून बातमी फुटली.

"माझ्यावर सापळो लावलंस?"

"सगळ्यांवर लावलंय. तुका सोडलंय असता तर तो सापळो नव्हता."

मी तिला मारलं असतं. हात उठलाही होता. आणि तेवढ्यात मला माझा अंगठा दिसला. वाटे घालताना, वाळूने भरलेला, ईशानच्या मोबाइलाला जोडताना टेकवलेला अंगठा. मी हात खाली घेतला. केतकीला सांगितलं. सगळं सांगितलं नाही, पण पुरेसं सांगितलं.

ती दगडावर बसली. रडेल असं वाटलं, पण ती हसायला लागली आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं. "मी कारखान्याक कुलपां लावलंय, पेटयेक लावलंय, भिंतीक कॅमेरे लावलंय," ती म्हणाली. "आणि तेनी तिखल्यात घास बुडवून अख्खो समुद्र नेल्यान."

"मी तेका हंयच्या हंय सोलतंय," मी म्हटलं आणि पदर खोचला.

"नाय." तिनं पुन्हा मनगट धरलं. "तेका कळता नये."

"म्हणजे?"

"तेका हाकललंस तर ते दुसरो पाठवतले आणि तो आमका म्हायत नसतलो. हो म्हायत आसा. हेका तुझ्याच मोबाइलात रवांदी. तुझ्या नकशावर मी रोज खोटो मासो सोडतलंय. बोटी थंय जातल्यो, आमी दुसरीकडे."

"आणि माका खरो नकशो?"

तिनं माझं मनगट सोडलं. माझ्या पोटची पोर, माझंच नाक घेऊन जन्मलेली. "तुका खरो म्हायत असलो तर तू बोलतलंस, आये. रागात बोलतलंस नायतर मायेत."

एवढ्यात ईशान आलाच. हातात खाज्याचा पुडा, कपाळाला गुलाल. "मावशी, त्या बोटी बघितल्या? काय नालायक लोक आहेत. आज सणाच्या दिवशी."

आयुष्यात मी कोणाला उत्तराशिवाय पाठवलेलं नाही. जिभेवर जे जे होतं ते सगळं गिळलं. "काय करूचा, बाबा," मी म्हटलं. त्यानं पुडा पुढे केला. मी त्यातलं एक खाजं घेतलं आणि खाल्लं.

संध्याकाळी सत्यवतीच्या पडवीत गेले. ती सुपात सुकट निवडत होती, मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं, हळू आवाजात, कारण ईशानची खोली दोन घरं सोडून.

"बंदरावर ओरडलंस, देवळात ओरडलंस," ती म्हणाली. "आता माफी मागताना आवाज खंय गेलो तुझो?"

"मोठ्यान मागूक येणा नाय. तेका कळतला."

"म्हणजे मी गावासाठी चोरच रवलंय."

केतकीनं संगणकाच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, पण ही एक गोष्ट तिच्याही पेटीत बसत नव्हती. बातमी राखायची तर बाईची अब्रू उघडी पडत होती, आणि अब्रू झाकायची तर बातमी.

सत्यवतीनं सूप पाखडलं. "फाल्या दोरार कोण पुढे?"

रापणीत पहिला हात माझा. नवऱ्यानंतर ती जागा मी कोणाला दिलेली नाही, तापातसुद्धा नाही. "तू," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी ती आली आणि माझ्या पुढे उभी राहिली. मी तिच्या पाठीमागे दोर धरला. कोणी काही विचारलं नाही, पण काळथरात माणसं डोळ्यांनी वाचतात. दुपारपर्यंत सत्यवतीच्या पडवीत बायका चहाला बसल्या होत्या. ईशानला वाटलं, म्हातारीचे खांदे दुखत असतील. तसं तो म्हणालाही, आणि मला तेल आणून दिलं.

त्यानंतर केतकीनं वाटाच बदलला. आता मासे पहिल्यासारखेच सगळ्यांना, दोर धरणाऱ्या प्रत्येकाला. नकाशा मात्र कोणालाच अख्खा नाही; माझ्या मोबाइलावर दिसतो तो ईशानसाठीचा खोटा. ज्याला त्या दिवशी होडी घालायची त्याला त्याच्यापुरतं पाणी दिसतं, तेही ओढ संपेपर्यंत. अख्खा बघायचा तर ठरलेल्या तिघांचे अंगठे एकाच वेळी लागतात. तिघांत मी नाही. सत्यवती आहे.

बाहेरचे तांडेल आले तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी ही गोष्ट दडपेल. तिनं पहिल्यांदा तीच सांगितली, बर्फाच्या कारखान्याचं दार लावून. बातमी फुटली, अशी फुटली, अशी सापडली, आता असं बांधलंय. एक दाढीवाला म्हातारा म्हणाला, "कोणाकडून फुटली ता सांग."

"ता सांगूचंय नाय. तुमचा उद्या कायय फुटला तर ताय कोणाक सांगूचंय नाय."

मी कोपऱ्यात चहाचं तबक घेऊन उभी. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. समुद्रात आयुष्य काढलेला माणूस, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. कपात फुंकर मारत तो म्हणाला, "जा चेडू आवशीर सापळो लावता, तेच्याकडे पाणी देवक हरकत नाय."

सगळे हसले. मीही तबक खाली ठेवून हसले. घरी जाऊन पडवीत बसले तेव्हा छाती भरून आली होती, अभिमानानं की कशानं ते अजून नीट कळलेलं नाही.

ईशाननं आपला मुक्काम वाढवलाय. बड्या बोटी कधी उत्तरेला जातात, कधी भर खोल पाण्यात, आणि रिकाम्या परततात. फार रिकाम्या नको म्हणून केतकी मधून मधून त्यांना थोडं काही सापडू देते. हे किती दिवस चालेल ते तीही सांगत नाही. सकाळी उठले की मी मोबाइल उघडते. निळ्यात पिवळं दिसतं, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक असतं, तरी हात दोराकडे धावतो.

काल वाटे घालून झाले. कासवखडपामागे पुन्हा काही जमलंय का, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. सत्यवतीनं माझ्या टोपलीत बांगडे टाकले, मोजून, इतरांइतकेच. ईशान टोपली उचलायला आला, नेहमीसारखा.

"मावशी, उद्या कुठे ओढायचं?"

"माका म्हायत नाय," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी पक्की आहे.